पडद्याकडे पाठ

सिनेमा चालू असताना पडद्याकडे पाठ करून बसणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. पनवेलच्या एका जुन्या थिएटरात, पडद्याखालच्या कोपऱ्यात घरून आणलेलं स्टूल टाकून काका लोकांकडे तोंड करून बसायचे. हातात वही, गळ्यात पी.टी.च्या सरांसारखं स्टॉपवॉच. विनोदी सिनेमा लागला की एकदा पहिल्या आठवड्यात आणि एकदा गर्दी ओसरल्यावर, असे दोनदा जायचे. दारावरचे चाचा पहिल्या दिवशी म्हणाले होते म्हणे, "साब, पिक्चर आपके पीछे है." त्यावर काका म्हणाले, "मालूम है. मेरा पिक्चर सामने है." तेव्हापासून चाचांनी त्यांना कधी अडवलं नाही. उलट स्टुलापुरती जागा झाडून ठेवायचे.

"लोक सिनेमा बघायला जातात, आमचे हे लोक बघायला जातात," असं काकू आल्यागेल्याला सांगायच्या आणि सांगता सांगता स्वतःच इतक्या हसायच्या की समोरच्यालाही हसावं लागे. मग आतल्या खोलीतून काकांचा आवाज यायचा, "किती वाजले गं आत्ता?" काकूंच्या हसण्याची वेळ त्यांना वहीत लिहायची असायची.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याकडे राहिले जेमतेम वर्ष-दीड वर्ष, दोन हजार आठ-नऊच्या सुमारास. पण अजूनही टीव्हीवर काही बघून मी मोकळेपणाने हसले की पाठोपाठ मनात प्रश्न येतो, हे कुठलं हसणं? काकांनी माझं साधं हसणं कायमचं नासवून ठेवलं. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांच्याइतकं मला कोणी शिकवलेलंही नाही.

मी मूळची कऱ्हाडची. नोकरी नवी मुंबईत लागली आणि भाडं परवडेल म्हणून पनवेलला खोली शोधत फिरत होते. बाकीच्या घरमालकांनी लग्न ठरलंय का, मटण-मासे खाता का, घरी किती वाजता येणार, असलं सगळं विचारलं होतं. तळ्याजवळच्या गल्लीतल्या या बैठ्या घरात मात्र काकांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटचं खरं हसू कधी आलं? आणि कशावर?"

मी गडबडले. खरं तेच सांगून टाकलं. आदल्या घरी मालकीणबाई मला ठणकावत होत्या की आमच्याकडे पुरुषमाणूस आलेला अजिबात चालणार नाही. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून त्यांचा नवरा पाऊल न वाजवता आत आला आणि बाई "अगं बाई, कोण?" करून किंचाळल्या. मला हसू आलं आणि ती खोली हातची गेली.

"किती वेळ हसलात?" काकांनी गंभीरपणे विचारलं.

"त्यांनी दार लावेपर्यंत."

"खोली तुमची," काका म्हणाले. भाडं किती ते नंतर काकूंनी सांगितलं.

नोकरी कसली, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगणारच होते. पण समोर टीव्हीवर एक विनोदी मालिका चालू होती. कोणीतरी काहीतरी बोललं आणि मागून हशाचा लोंढा आला. काकांनी झटकन रिमोटने आवाज बंद केला. "हे मागून हसतात ते कोण लोक असतात?" ते म्हणाले. "एकदा मला त्यांच्यातल्या एकाला समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, तू नेमका कशाला हसलास?" मी घशाशी आलेलं उत्तर गिळलं आणि म्हणाले, टीव्हीच्या ऑफिसात कम्प्युटरवर काम करते. कारण ते मागून हसणारे लोक म्हणजे मी होते.

आमच्या एडिटिंग स्टुडिओत कम्प्युटरवर हशांचा एक फोल्डर होता. मोठा हशा, मध्यम हशा, फक्त बायका, टाळ्यांसकट हशा. एका क्लिपचं नाव होतं 'उशिरा हसणारा'. सगळ्यांचं हसून झाल्यावर त्यात एका माणसाला विनोद कळतो आणि तो एकटाच खो खो हसतो. तयार झालेला एपिसोड माझ्याकडे यायचा आणि मी त्यावर हे हशे चिकटवायची. आमच्या सरांचं सूत्र ठरलेलं होतं, "जिथे शंका, तिथे हशा." मी कच्च्या नोकरीवर होते. काम बघून पक्कं करू, असं सर दर दोन महिन्यांनी सांगायचे. घरी वडील आजारी, धाकटा भाऊ शिकतोय. त्यामुळे मी सरांना शंका आली रे आली की हशा टाकायची.

काका तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात प्रयोगशाळेत होते. आयुष्यभर माल तपासण्याचं काम. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नव्हती. कुठलीही वस्तू ते थेट नाकाशी नेऊन हुंगत नसत. मी पहिल्यांदा चहा करून दिला तेव्हा त्यांनी कप लांब धरला, वरची वाफ हाताने हळूच नाकाकडे ओढली आणि म्हणाले, "चालेल." घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, तीवर बरणी उघडल्याची तारीख. लोणच्यावर, हळदीवर, एकदा तर पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्यावरही. काकू ती चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "अहो, उघडून दहा मिनिटं झाली आणि चार पेढे शिल्लक आहेत, हेही लिहा." काकांनी खरंच लिहिलं.

हसण्याचा अभ्यासही त्यांनी असाच मांडला होता. लांबलचक रजिस्टरं, त्यांत रकाने. विनोदावर जगभर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते त्यांनी वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानांतून गोळा केलं होतं. पण बोलताना ते पुस्तकी शब्द वापरत नसत. त्यांच्या मते हसण्याचे प्रकार तीन. दुसरा आपल्यापेक्षा कमी ठरला म्हणून हसतो ते वरून हसणं. एक होईल असं वाटत असताना भलतंच झालं की मन ठेचकाळतं आणि हसू येतं, ते अडखळून हसणं. आणि मनावरचा ताण एकदम उतरला की येतं ते सुटून हसणं. "ही अक्कल माझी नाही हं," ते बजावायचे. "दोन हजार वर्षं शहाणी माणसं यावर भांडतायत. मी फक्त पनवेलमध्ये तपासून बघतोय."

आणि तपासायचे म्हणजे खरंच तपासायचे. एकदा मला त्यांनी थिएटरात बरोबर नेलं. मी आपली सरळ पडद्याकडे तोंड करून बसले. सिनेमात एक जाडा माणूस जिन्यावरून गडगडत खाली येतो असा प्रसंग होता. थिएटर दणाणून गेलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "लोक कधी हसले सांग."

"तो पडला तेव्हा."

"नाही. तो पडताना सगळ्यांची तोंडं अशी उघडी होती." त्यांनी आ करून दाखवला. "पडल्यावर तो क्षणभर हलला नाही, तेव्हा कोणी हसलं नाही. मग तो उठला, विजार झटकली, आणि हसले. त्याला लागलं नाही, याचं हसू आहे ते. तो उठलाच नसता तर?"

"मग कोणी हसलं नसतं."

"मग तू काय म्हणालीस, पडला म्हणून हसले? लोकांना उगाच दुष्ट ठरवतेस."

रस्त्याने चालता चालता मला वाटलं, आपण रोज तो जाडा माणूस पडतानाच हशा टाकतो. त्याच्या उठण्याची वाटही बघत नाही.

घरात काकू म्हणजे त्यांचं प्रमाण होत्या. प्रयोगशाळेत नवीन माल ज्याच्याशी ताडून बघतात तसं. कुठल्याही विनोदाचा विषय निघाला की, "हिला सांग, ही कशी हसते बघू." काकू कशालाही हसत नसत, पण हसल्या की ते पदरात तोंड लपवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका स्वतःही हसायचे. नाही असं नाही. पण हसू आलं की लगेच चोरी पकडल्यासारखे घड्याळाकडे बघायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या स्टुडिओत होणाऱ्या मालिकेत एक पात्र फार चाललं होतं. जमीन विकून पैसेवाला झालेला गावाकडचा शेठ. गळ्यात जाड साखळी, पायात महागाचे बूट, बोलणं उरण-पनवेलच्या खेड्यातलं. तो आला रे आला की हशा टाकायचा, असा सरांचा हुकूम होता. मी टाकत होते.

काकांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी त्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. "हे बघ. शेठ दारातून आला, हशा. अजून तोंड उघडलेलं नाही त्याने. खुर्चीवर बसला, हशा. पाणी मागितलं, हशा. तहान लागली यात विनोद काय आहे?" त्यांचा आवाज चढला होता. "यात अडखळणं नाही, सुटणं नाही. हे नुसतं वरून हसणं आहे, आणि तेही विनोदाच्या आधी. मी चॅनेलला पत्र लिहिणार. तुला कम्प्युटरवर टाईप करता येतं ना?"

काकांनी उभं राहून मजकूर सांगितला आणि मी माझ्याच विरुद्धची तक्रार टाईप केली. हळू कर, शुद्धलेखन बघ, असं मधूनमधून सांगत होते. पत्र चांगलंच झालं होतं. कुठला क्षण, काय घडलं, त्यात विनोद आहे का, हशा किती लांब, असा चार रकान्यांचा तक्ता. आणि शेवटी, "ज्या कुणी हे हशे चिकटवले आहेत त्या व्यक्तीला हसण्याची जाण नाही, तिला या कामावरून दूर करावे." माझी बोटं थांबली.

"तिला का? त्याला लिहायचं का?" काकांनी विचारलं.

"व्यक्ती आहे ना, म्हणून तिला बरोबर आहे," मी म्हणाले.

पत्र पाठवलं तर नोकरी जाणार हे स्वच्छ होतं. सरांना बळी हवाच असतो आणि हशे तर मीच लावलेले. आणि काकांना खरं सांगितलं तर खोलीपेक्षा मोठं काहीतरी जाणार होतं. मी वेळ काढायला सुरुवात केली. प्रिंटर बिघडलाय. कागद संपलाय. काका रोज विचारायचे, मी रोज नवीन थाप मारायची. कऱ्हाडच्या घरी मी इतकं खोटं आयुष्यात बोलले नव्हते.

शेवटी तेच म्हणाले, "बरं झालं थांबलो. एक पुरावा राहिलाय. ज्यांच्यावर हसतात त्यांना काय वाटतं ते कुठे पाहिलंय आपण? रविवारी बायकडे जाऊ. एपिसोडचं पुनःप्रक्षेपण दुपारी असतं."

बाय म्हणजे काकांची मोठी बहीण, जासईच्या पुढच्या एका गावात राहायची. काका मूळचे तिथलेच, मिठागरावर राबणाऱ्या घरातले, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत त्यांचं बोलणं ऐकून मी त्यांना पुण्याकडचे समजत होते. वडील लवकर गेले तेव्हा बायने डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून भावाला शिकवलं होतं. कंटेनरच्या ट्रेलरांची धूळ खात आम्ही सहा आसनी रिक्षाने पोहोचलो. बायचं घर नवं, फरशीचं, आणि फरशीवर शेजारच्या सात-आठ बायका आधीच टीव्हीसमोर बसलेल्या.

"आला गो माजा भाव," बाय म्हणाली. "बस, तुज्या जागंवर बस. आमची थोबारां बग." काकांसाठी टीव्हीच्या बाजूला पाट मांडून ठेवला होता. म्हणजे इथेही त्यांची ख्याती होती. आणि काका, जे माझ्याशी कधी या बोलीतला एक शब्दही बोलले नव्हते, ते म्हणाले, "तुमी बगा गो, मी हाय हितंच." मी बघतच राहिले.

एपिसोड सुरू झाला. शेठ एका थंडगार शोरूममध्ये शिरतो. मागून हशा, माझाच, 'मोठा हशा'. बायका गप्प. काकांनी वहीत लिहिलं. शेठ मऊ सोफ्यावर बसतो आणि पाय वर घेतो. पुन्हा हशा. बायका गप्प. एकीने तर कपाळाला आठ्या घातल्या. काकांची पेन्सिल आता धावत होती आणि चेहऱ्यावर दुःखही होतं आणि विजयही होता. मला फरशीत गडप व्हावंसं वाटत होतं. शोरूमचा सेल्समन शेठला हाडतहुडूत करतो, मग त्याला कळतं की याची जमीन हायवेला लागून होती. त्याबरोबर तो वाकून "सर, सर" करायला लागतो, थंड सरबत मागवतो, एक सोडून दहा सोफे दाखवतो. शेठ सरबत संपवतो, ढेकर देतो आणि उठतो. म्हणतो, बायको समोरच्या दुकानात बांगड्या भरत होती, तिचं होईस्तोवर गार हवेला बसलो होतो. आणि निघून जातो.

त्या जागी मी हशा टाकलेला नव्हता. सर म्हणाले होते, इथे प्रसंग संपतोय, पुढे जाहिरात आहे, सोडून दे.

आणि तिथेच बायका फुटल्या. एक जण मागे कलंडली, एकीने दुसरीच्या मांडीवर थाप मारली, बाय तर उभी राहून हसायला लागली. काका त्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. "काय झालं? काय झालं?" जन्मभर लोकांचं हसणं मोजणाऱ्या माणसाचा विनोद हुकला होता, कारण तो नोंदी करण्यात गुंतलेला असताना त्याच्या पाठीमागे घडला होता. त्यांनी घाईने मान वळवली तर पडद्यावर साबणाची जाहिरात.

"अरं, त्यो शेठ त्यांचा सरबत पिऊन चालता झाला! सोफा घेतलाच नाय!" बाय डोळे पुसत म्हणाली. "आमी नाय का केला तसा? बिल्डरची मानसं आलेली तवा, त्यांच्या एसीच्या गार गारीतून दिवसभर फिरलो, त्यांचा जेवान जेवलो, आन संध्याकाली सही नाय केली."

"पण बाय, ते तुज्यावर हसतात," काका म्हणाले. "आधीचं सगलं हसणं ऐकलंस ना?"

"हसू दे. त्यांना वरून हसू दे. आमी खालून हसताव."

काका पेन्सिल हातात धरून नुसते बसले. तीस वर्षांचे तीन रकाने आणि बहिणीने बसल्या बसल्या चौथा पाडून दिला होता. त्यांनी हळूहळू, अक्षर नीट काढत लिहिलं, "खालून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तिथे मागून हशा का नव्हता? ज्याने हशे लावले त्याला हीच एक जागा कशी कळली नाही?"

आता गप्प राहणं मला शक्य नव्हतं. "मी लावले काका," मी म्हणाले. "हशे मी लावते. तिथे लावला नाही तोही मीच. आणि पत्रातली ती व्यक्तीही मीच."

बायने विचारलं, "म्हंजी तूच तुजी तक्रार लिवलीस? मशिनीवर?" मी मान हलवली. बायचं हसू पुन्हा सुरू झालं ते थांबेचना, आणि तिच्याबरोबर बाकीच्या बायका. त्या दुपारी माझ्यावर इतक्या जणी हसल्या, पण मला वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं की काका हसले नाहीत. परतीच्या रिक्षात ते पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. मी सामान आवरायची मनाची तयारी केलेली. दारात काका, हातात कोरं रजिस्टर. "एक विचारायचंय," ते म्हणाले. "तुमच्याकडे हशे किती प्रकारचे असतात?"

मी फोल्डरची सगळी नावं सांगितली. 'उशिरा हसणारा' ऐकल्यावर काका खाली बसलेच. "एकटा हसतो? सगळ्यांनंतर? कोण असेल गं तो?" त्यांचे डोळे चमकत होते. "घरी गेल्यावर कोणी विचारलं असेल का त्याला, एवढा वेळ का लागला म्हणून?" राग त्यांना आला नव्हता असं नाही. पण काही जाणून घ्यायचं दिसलं की त्यांना राग धरता येत नसे. मी त्यांच्या पायांशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला वगैरे काही नाही. "आधी नोंद करून घे, मग रड," म्हणाले.

जुनं पत्र त्यांनी स्वतः फाडलं. नवीन लिहिलं, एकाच पानाचं. त्यात कोणाला काढून टाका असं काही नव्हतं. लोक शेठवर कुठे हसले नाहीत आणि शेठबरोबर कुठे हसले, एवढंच. "हे चॅनेलला नाही," ते म्हणाले. "तुझ्या सरांना. पण द्यायचं की नाही ते तू ठरव. नोकरी तुझी आहे, वडील तुझे आहेत. नाही दिलंस तरी खोली तुझीच आहे." काकूंनी मागून आवाज दिला, "आणि पोहे झालेत."

तो कागद आठवडाभर माझ्या पर्समध्ये होता. रोज नेत होते, रोज परत आणत होते. मग शेठचा नवा एपिसोड आला. शेठ दवाखान्यात जातो, असा प्रसंग. मी कम्प्युटरवर शेठच्या एन्ट्रीवर हशा ठेवला आणि मला बायच्या घरातल्या त्या आठ्या दिसल्या. मी तो काढला. मग दुसरा काढला. शेवटी डॉक्टरचा चेहरा पडतो तिथे एकच ठेवला, मोठ्ठा. सरांनी बघितलं आणि ओरडले, "हशे कुठे गेले?" मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

सरांनी तो वाचला. मग चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं आणि मोठ्याने वाचून दाखवला, आवाज काढून, एकेका शब्दावर थांबून. "पनवेलचे निवृत्त केमिस्ट आता आपल्याला कॉमेडी शिकवणार!" सगळे हसले. साऊंडवाला हसला, मेकअपवाली हसली, माझ्याबरोबर डबा खाणारी माझी मैत्रीणही हसली. ते वरून हसणं होतं, यात काही शंका नव्हती. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "हस ना, तुझीच तर कॉमेडी आहे." नुसती हसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, सरांनी पाठीवर थाप मारून हशे परत लावायला सांगितलं असतं. मी हसले नाही. संध्याकाळी सरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

घरी आले तेव्हा काका ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. आता वडिलांना काय सांगू, भावाच्या फीचं काय करू, तेही बोलले. काकूंनी पाणी आणून दिलं आणि माझ्याशेजारी बसल्या. काकांनी दिलासा वगैरे दिला नाही. त्यांनी विचारलं, "सगळे हसत होते तेव्हा तू हसलीस का?"

"नाही."

"थोडीसुद्धा? तोंडदेखलं?"

"नाही काका."

ते तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कारखान्यात माझा पहिला दिवस. बायने डबा दिला होता, सुकट आणि भाकरी. प्रयोगशाळेत गंधकाचा वास, ॲसिडचा वास, डोळ्यांतून पाणी येईल असा. त्यात मी डबा उघडला. तर सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि धावत जाऊन खिडक्या उघडल्या. दिवसभर तो धूर पिणारी माणसं. आणि मग हसायला लागले."

"आणि तुम्ही?"

"मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने. डबा तसाच बंद केला आणि संध्याकाळी घरी जाताना खाडीत रिकामा केला. बायला सांगितलं, फार छान झालं होतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "ते का हसले ते मला त्याच दिवशी कळलं. मी का हसलो, ते शोधत तीस वर्षं लोकांची तोंडं बघत बसलो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही कधी सांगितलेलं नसावं.

काका उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं मला म्हणाले, "तुम्ही हसला नाहीत. मला ते जमलं नव्हतं."